धुणार कोण?

कापडी डायपर घ्यावेत का, असं कुणी विचारलं की उत्तर द्यायच्या आधी मी उलट विचारते, ‘धुणार कोण?’ विचारणारी बहुधा सातव्या-आठव्या महिन्यातली मैत्रीण असते. तिने मोबाइलवर चार-पाच कंपन्या बघून ठेवलेल्या असतात आणि माझ्याकडून तिला फक्त शिक्कामोर्तब हवं असतं. टिचबटणांचे घेऊ की वेल्क्रोचे, आतला पॅड बांबूचा बरा की सुती, नग किती. माझ्या प्रश्नाने तिचा जरा विरस होतो. ‘मशीन आहे की गं आमच्याकडे,’ ती म्हणते.

मशीन आमच्याकडेही आहे. पण मशीन शी झटकत नाही. ढग बघून आज वाळतील का याचा अंदाज घेत नाही, वाळलेले पॅड परत जागच्या जागी सारून ठेवत नाही. डायपर आपण विकत घेतो आणि त्याच्याबरोबर एक काम घरात येतं, दोन-अडीच वर्षांच्या मुक्कामाला. ते कुणाच्या वाट्याला जाणार हे न ठरवता खरेदी केली की काय होतं ते मी पुष्कळ घरांत पाहिलंय. दोन महिन्यांत ते रंगीबेरंगी डायपर कपाटाच्या वरच्या कप्प्यात जातात आणि बाळाची आई म्हणते, ‘मला नाही बाई जमलं.’ न जमायला काय झालं? ती एकटी पुरली नाही, इतकंच.

माझी मुलगी ऐन जुलैत झाली, चिपळूणजवळ माझ्या माहेरी. कोकणातला जुलै ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. त्या महिन्यात कपडे वाळत नाहीत, फार तर कमी ओले होतात. आणि तान्हं मूल दिवसातून दहा-बारा वेळा तरी अंथरूण भिजवतं. आईने आधीपासून तयारी करून ठेवली होती. आजोबांची धोतरं आणि आजीची मऊसूत झालेली सुती लुगडी फाडून तिने लंगोट शिवले होते, नवं कापड एकही नाही. आमच्याकडे बारशापर्यंत बाळाच्या अंगाला कोरं कापड लावत नाहीत. जुनं हवं, आणि शक्यतो ज्या घरात मुलं धडधाकट वाढली त्या घरातलं हवं. यात श्रद्धा किती आणि शहाणपण किती हे निवडत बसण्यात अर्थ नाही. कोऱ्या कापडाला खळ असते, ते टोचतं आणि पाणीही धड पीत नाही. विकतच्या सुती पॅडांवरसुद्धा हल्ली लिहिलेलं असतं, की वापरण्याआधी चार-सहा वेळा धुवा, मगच ते पूर्ण शोषायला लागतात. आजीच्या लुगड्याने ती परीक्षा कधीच दिली होती.

लंगोट म्हणजे साधा त्रिकोण. लांब बाजू बाळाच्या कमरेखाली, तिची दोन टोकं पोटावर आणून बंदांची गाठ, आणि तिसरं टोक पायांमधून वर घेऊन गाठीखालून ओवून पुन्हा खाली सोडायचं. नाळ पडेपर्यंत गाठ बेंबीच्या बरीच खाली. शिवण बाहेरच्या अंगाला, म्हणजे कातडीला काचत नाही. आजी हे सगळं एका हाताने करायची, कारण दुसऱ्या हाताच्या बोटांत बाळाचे दोन्ही घोटे धरलेले असायचे. मी दोन्ही हात लावून करत होते तरी माझी गाठ कुशीवर सरकायची.

गंमत अशी की लंगोट काहीच अडवत नाही. ओल लंगोटातून दुपट्यात जाते, दुपट्यातून गोधडीत, आणि खाली मेणकापड असेल तर तिथे थांबते. म्हणजे एका शूमागे लंगोट, दुपटं, कधी झबलंसुद्धा. पण ओलं झालेलं त्याच क्षणी कळतं आणि बाळ त्यात पडून राहत नाही, हेही खरं. शिवाय लंगोटांच्या जोडीला आजीचं दुसरं तंत्र होतं. मुलीची मान जरा धरायला लागल्यावर आजी भिंतीला टेकून पाय लांब करून बसायची, दोन्ही पायांवर तिला टेकवून बसवायची, पाठीला हात द्यायची आणि तोंडाने ‘शूऽऽ’ करायची. झोपेतून उठल्यावर एकदा, पोट भरल्यावर थोड्या वेळाने एकदा. निम्म्या वेळा तरी काम व्हायचं. परदेशात हे हल्ली नव्याने शिकवतात आणि त्याचे वर्गही निघालेत असं मी आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, ‘मग फी किती घेतात?’

दिवेलागणीच्या आत बाळाचे कपडे घरात आले पाहिजेत, हाही तिथला एक नियम. पण पावसाळ्यात ते बाहेर जायचेच नाहीत. पडवीत दोऱ्या, माजघरात दोऱ्या, न्हाणीच्या चुलीशेजारी दोरी. तेवढ्यानेही भागेना तेव्हा आजीने जुनं डालगं, म्हणजे विणलेली मोठी टोपली, काढायला लावलं. शेगडीत निखारे, त्यावर डालगं पालथं आणि डालग्यावर लंगोट पसरलेले. निखाऱ्यांवर ओवा आणि वेखंड. बाळाला धुरी अजिबात नको असं डॉक्टरांनी बजावलं होतं, तेव्हा ती लंगोटांना मिळाली.

हे सगळं वाचायला फार गोड लागतं, म्हणून पुढचंही सांगते. ते लंगोट माझी आई धूत होती. साठी उलटलेली बाई न्हाणीत पाटावर बसून, सकाळ-संध्याकाळ. मी उठायला लागले की रागवायची, कारण बाळंतिणीने गार पाण्यात हात घालायचे नाहीत. ‘तुझ्या वेळी कोण धूत होतं?’ मी एकदा विचारलं. ‘एक बाई यायची,’ आई म्हणाली. सोयर, म्हणजे बाळंतपणाचा विटाळ, फिटेपर्यंत बाळंतिणीच्या खोलीतल्या कपड्यांना घरातलं कुणी शिवत नसे. ती बाई मागीलदारी यायची, बोचकं घेऊन पऱ्ह्यावर, म्हणजे ओढ्यावर, जायची आणि धुऊन पिळून आणून परसात वाळत घालायची. बाराव्या दिवशी तिला लुगडं, नारळ आणि पायलीभर तांदूळ. पुढच्या दाराने ती कधी आल्याचं आईला आठवत नाही, आणि तिला ते तेव्हा खटकल्याचंही आठवत नाही. ‘आमच्या आज्या-पणज्यांची नैसर्गिक पद्धत’ म्हणून हल्ली जिचं कौतुक चालतं, तिच्यात ही बाई आहे. तिला वगळून ते कौतुक मला करता येत नाही.

पुण्याला परत आले तेव्हा मुलगी तीन महिन्यांची होती. बाणेरला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, तीन हात रुंदीची गॅलरी, बोअरचं पाणी आणि उन्हाळ्यात टँकर. घरकामाला येणाऱ्या मावशींनी मुलीला पाहिलं, हातावर दहाची नोट ठेवली, दृष्ट काढली आणि मग दारातच मला सांगून टाकलं, ‘वहिनी, भांडी सांगा, फरशी सांगा, चार पाहुणे आले तरी मी काही म्हणणार नाही. पण शीचे कपडे तेवढे नका सांगू.’ त्यांचं अगदी बरोबर होतं. पैसे वाढवून दिले असते तर कदाचित त्या तयारही झाल्या असत्या. पैशाला अडलेलं माणूस तयार होतंच, आणि म्हणूनच मी तो विषय काढला नाही.

‘मी आहे की,’ सासूबाई म्हणाल्या. त्यांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. ‘मी धुतो,’ नवरा म्हणाला. ‘तू कशाला रे?’ सासूबाई पटकन म्हणाल्या. हा प्रश्न माझ्या बाबतीत त्यांना पडला नसता, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण नंतर त्या काही बोलल्या नाहीत. धुण्याचं खातं त्या दिवसापासून नवऱ्याकडे गेलं. मी पाजणार, तो धुणार. पहिल्या वर्षातली याहून न्याय्य वाटणी मला तरी सुचत नाही.

खरेदीही मग धुणाऱ्याच्या सोयीने झाली. बाहेरून सगळे डायपर सारखेच दिसतात: चड्डीचा आकार, पुढे टिचबटणांच्या रांगा, त्या कमी-जास्त लावून तोच डायपर पाच किलोच्या बाळापासून पंधरा-सोळा किलोच्या मुलापर्यंत पुरवायचा. बाहेरच्या थराला कापड म्हणायचं ते अर्धंच. पॉलिएस्टरवर पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो आणि तोच ओल अडवतो. म्हणजे ‘प्लास्टिकमुक्त’ वगैरे जाहिरात कुणी करत असेल तर ती मनावर घेऊ नये. खरी निवड आतल्या भागाची असते. एका प्रकारात शोषणारा पॅड चड्डीतच शिवून टाकलेला असतो. वापरायला सर्वांत सोपा, आजी-आजोबांनाही पटकन जमणारा, आणि वाळायला महाभयंकर. मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांनी तो पावसाळ्याच्या तोंडावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या टोकाला साधी चौकोनी मलमल, घडी घालून वरच्या कव्हरात ठेवायची. ती सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत लवकर वाळणारी, पण हलत्या मुलाला घालताना घडी जागेवर राहत नाही. आम्ही मधला रस्ता घेतला: खिशाचा डायपर. चड्डीला आतून खिसा असतो, त्यात पॅड सारायचा. धुताना दोन्ही वेगळे, वाळवतानाही वेगळे.

पॅडांत मायक्रोफायबर आणि सुती, असे दोन्ही वापरून पाहिले. मायक्रोफायबर झटकन पितो, चटकन वाळतो, पण त्यावर दाब पडला की प्यालेलं परत देतो. मूल कडेवर घेतलं की नेमका तिथेच दाब येतो, आणि ऑफिसच्या कुर्त्यावर कमरेशी गोल डाग उमटतो. शिवाय तो थेट कातडीला लावायचा नसतो. ओल ओढता ओढता त्वचाही कोरडी करतो. सुती पॅड सावकाश पितो पण धरून ठेवतो. म्हणून खिशात वर मायक्रोफायबर आणि खाली सुती, अशी जोडी. हे नवऱ्याने शोधून काढलं आणि पेटंट घेतल्याच्या थाटात सासऱ्यांना समजावून सांगितलं.

सासरेबुवा या प्रकरणात असे आले. निवृत्त माणूस, संध्याकाळी सातच्या बातम्या चुकवायच्या नाहीत. वाळलेला ढीग सोफ्यावर पडलेला असायचा, त्यांनी एकदा सहज एक पॅड उचलून खिशात सारला. मग ते रोजचंच झालं. टीव्हीवर चार जण एकमेकांवर ओरडतायत आणि यांचे हात चाललेत: चड्डी उलटी, पॅड आत, कोपरे बोटाने सपाट, वर एक थाप, गठ्ठ्यावर ठेवली. जन्मात स्वतःच्या रुमालाची घडी घातली नव्हती, असं सासूबाई शेजारणीला सांगत होत्या. तक्रार होती की कौतुक, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

धुण्याची रीत आता आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. वापरलेले डायपर कोरड्या, उघड्या टोपलीत टाकायचे. भिजत टाकायचे नाहीत. भिजत पडलेल्यांचा वास दुसऱ्या दिवशी दार उघडताच सामोरा येतो आणि इलॅस्टिकही लवकर जातं. शी झाली असेल तर लगेच संडासातल्या जेटखाली. जेट मारायचीही एक रीत आहे. समोरून सरळ मारला की शी जागची हलत नाही आणि पाणी आपल्या अंगावर येतं. डायपर वरच्या कडेला धरायचा, जेट तिरका, वरून खाली, म्हणजे सगळं एका पट्टीत सोलून निघतं. ही माहिती माझा नवरा जेवणाच्या ताटावरही देऊ शकतो. मूल नुसतं अंगावर पीत असतं तोवर हे काम सोपं. ती शी पाण्यात विरघळते आणि तिचा पिवळा डाग उन्हाला ठेवला की उडून जातो. उष्टावण झाल्यावर खरी कसोटी. बीट दिलं त्या दिवशी आमच्याकडे क्षणभर घबराट उडाली होती. वरणातली हळद पॅडावर उमटते, ती मात्र पुण्याच्या उन्हापुढे टिकत नाही.

मशीनमध्ये आधी नुसत्या गार पाण्याची एक फेरी, मग साबण घालून मोठी फेरी. कपडे मऊ करायचं ते सुवासिक द्रव्य अजिबात नको, त्याचा थर बसतो आणि पॅड पाणी प्यायचं विसरतो. झिंक असलेलं रॅशचं मलमही तसंच. लावलंच तर मध्ये पातळ कापड घालायचं. जंतुनाशक ओतायची काही गरज नसते, साबण पुरेसा आणि ऊन चांगलं असलं की झालं. आमची अडचण वेगळीच निघाली. थंडी सुरू झाली तशी ओल्या डायपरला अमोनियाचा इतका उग्र भपकारा यायला लागला की डोळ्यांत पाणी यावं. धुतल्यावर वास नाही, शू झाली की लगेच वास. दोष बोअरच्या पाण्याचा होता. जड पाण्यातले क्षार साबणाला कामच करू देत नाहीत, मग लघवीचा अंश आणि साबणाची साय दोन्ही धाग्यात अडकून बसतात. साबणाबरोबर चमचाभर धुण्याचा सोडा आणि मशीन साठ अंशांवर लावलं, तेव्हा कुठे तो गेला. पुण्यात एका भागात जमलेली रीत दुसऱ्या भागात जमत नाही ती यामुळेच. नवऱ्याला आता कुठल्या सोसायटीत महापालिकेचं पाणी येतं आणि कुठे टँकर, हे लोकांच्या डायपरांवरून कळतं.

सासूबाईंची काळजी मात्र पाण्याची नव्हती. पायांत एवढा जाड बोळा राहिला तर पोरीचे पाय फेंगडे होतील, असं त्यांना वाटायचं. लसीकरणाच्या वेळी त्यांनी स्वतःच डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं ते नेमकं उलटं. तान्ह्या बाळाच्या खुब्याच्या सांध्याला बेडकासारखे फाकलेले पायच मानवतात. पाय सरळ ओढून घट्ट बांधणं, तेच वाईट. जपानमध्ये पूर्वी बाळांना तसं गुंडाळायचे. १९७५ च्या सुमारास तिथे ते थांबवण्याची मोहीम झाली आणि खुबा निखळण्याचं प्रमाण झपाट्याने उतरलं. आपल्याकडे कडेवर घेण्याची पद्धत खुब्याला चांगलीच. सासूबाईंनी यातलं ‘कडेवर घेणं चांगलं’ एवढं उचललं आणि पुढचं वर्षभर तिला खाली ठेवली नाही.

रॅशचंही थोडं सांगते, कारण कापडी वापरले की रॅश येत नाही असं छातीठोक सांगणारे पुष्कळ भेटतात. लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो, त्याने त्वचेवरची आम्लता कमी होते आणि शीमधले पाचक रस जागे होऊन कातडी खायला लागतात. हे कापडात होतं आणि वापरून फेकायच्या विकतच्या डायपरातही होतं. दर दोन-अडीच तासांनी बदलणं हाच त्यावर उपाय. म्हणजे पुन्हा हातांचाच प्रश्न.

आता पर्यावरण. मी कापडी घेतले ते बऱ्याच अंशी त्यासाठीच, पण आकडे वाचल्यावर माझा आवाज जरा खाली आला. ब्रिटनमध्ये सरकारी खात्याने २००८ साली हिशेब मांडला होता. अडीच वर्षांत एका मुलाच्या वापरून फेकायच्या डायपरांमुळे सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो आणि सरासरी कापडी डायपरांमुळे सुमारे ५७० किलो. म्हणजे कापडीच किंचित जास्त! पण ही सरासरी तिथली, ड्रायरमध्ये वाळवणाऱ्यांसकट. मशीन भरल्याशिवाय लावायचं नाही, दोरीवर वाळवायचं आणि तेच डायपर दुसऱ्या मुलालाही वापरायचे, असं केलं तर कापडीचा आकडा जवळजवळ चाळीस टक्क्यांनी उतरतो. २०२३ मध्ये तिथे नव्याने मोजलं तेव्हा कापडी पंचवीस टक्क्यांनी सरस निघाले. थोडक्यात, भार डायपरावर ठरत नाही, धुणाऱ्याच्या सवयींवर ठरतो. आपल्याकडे ऊन फुकट आहे. पण पाणी फुकट नाही, आणि मे महिन्यात टँकरची वाट बघताना आम्ही सरळ विकतचे वापरत होतो.

त्या विकतच्या डायपरचा जन्मही मला मोठा मासलेवाईक वाटतो. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन नावाच्या बाईने ओल्या चादरी धुऊन धुऊन वैतागल्यावर न्हाणीघरातला शॉवरचा पडदा कापून लंगोटावर घालायचं कव्हर शिवलं, सेफ्टी पिनांऐवजी त्याला टिचबटणं लावली. १९४९ साली न्यूयॉर्कच्या एका बड्या दुकानात ते विकायला आलं, १९५१ मध्ये पेटंट मिळालं. पुढे वापरून टाकून द्यायच्या कागदी डायपरची कल्पना घेऊन तिने कंपन्यांचे उंबरे झिजवले, पण तिथे बसलेल्या पुरुषांना त्याची गरज पटेना. त्यानंतर काही वर्षांनी प्रॉक्टर अँड गॅम्बलमधले इंजिनिअर व्हिक्टर मिल्स यांच्यावर नातवंडाचे लंगोट बदलायची वेळ आली आणि त्यांना ते काम मुळीच आवडलं नाही. १९६१ मध्ये पॅम्पर्स बाजारात! आजोबांच्या हाताला ओल लागेपर्यंत थांबावं लागलं, एवढाच याचा अर्थ.

तर फेकायचा डायपर घेतला की धुणं संपतं. पण हाताळणं संपत नाही, ते घराबाहेर जातं. आमच्या सोसायटीत कचरा न्यायला ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताई येतात. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून पुण्यात आहे, त्यातूनच ही सहकारी संस्था उभी राहिली. ओला-सुका वेगळा करणं हे त्यांचं काम, आणि काळ्या पिशवीत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही. उघडली की हाताला काय लागतं ते सांगायला नको. फुगलेला डायपर विकलाही जात नाही, कुजतही नाही. त्यातले सोडियम पॉलिॲक्रिलेटचे कण लघवी पिऊन जेली होऊन बसलेले असतात. २०१३ साली या बायकांनी पुण्यात गोळा झालेला असा कचरा पॅड आणि डायपर बनवणाऱ्या कंपन्यांनाच परत पाठवून दिला होता. पुढे २०१६ च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी सोबत वेष्टन द्यावं आणि वापरणाऱ्याने ते गुंडाळूनच टाकावं, असं आलं. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, ही साधी युक्तीही पुण्यात रुजवली गेली. आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडांत लहान मुलं होती. लाल ठिपका काढणारं आमचं एक. लाल स्केचपेन मी डायपरच्या पाकिटालाच दोऱ्याने बांधून ठेवलं होतं, कारण वेगळं ठेवलं की ते आठवड्याभरात अभ्यासाच्या टेबलावर जायचं.

हो, विकतचे आमच्याकडेही होते. रात्री विकतचा, दिवसा कापडी, असं पहिल्यापासून ठरलेलं. रात्रभर कापडी घातला की दोनदा उठून बदलावा लागतो, आणि दिवसभर नोकरी करणाऱ्या दोन माणसांनी तो हट्ट कशासाठी करायचा? कुंभार्ली घाटातून एसटीने चिपळूणला जातानाही विकतचाच. या विषयातले कडवे लोक मला जरा भीतीदायक वाटतात. त्यांच्या गटांत ‘एकही विकतचा वापरला नाही’ असं लिहिणाऱ्या आईला शंभर बदाम मिळतात, पण कुणी तिला घरात आणखी कोण आहे ते विचारत नाही.

पाळणाघराचा प्रश्न त्यातूनच सुटला. मुलगी वर्षाची झाल्यावर आम्ही जे पाळणाघर बघितलं, तिथल्या बाईंनी आधीच सांगितलं की कापडी चालणार नाहीत. एकेका मावशीकडे पाच-सहा मुलं, प्रत्येकाची ओली चड्डी वेगळ्या पिशवीत भरून, नाव बघून परत द्यायची, हे होणार नाही. मला वाद घालावासा वाटला नाही. त्यांनी दोन गोष्टी मात्र आपणहून केल्या. डायपर कधी बदलला ते फळ्यावर लिहायच्या, आणि दुधानंतर सगळ्या मुलांना ओळीने छोट्या भांड्यावर बसवायच्या. आजीचं ‘शूऽऽ’ तिथे समूहगीत झालं होतं. दोन वर्षांच्या आतच मुलगी स्वतःहून सांगायला लागली.

दीडेक डझन डायपर उरले. नणंदेला नोव्हेंबरमध्ये मुलगा झाला, तिला ते पाठवायचे होते. कापड उत्तम होतं, टिचबटणंही शाबूत, पण मांडीचं इलॅस्टिक सैल पडलेलं. कंपनीकडून नवे घेण्यापेक्षा सासरेबुवा ते कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे घेऊन गेले. त्याने एक उलटासुलटा करून बघितला, खिशात हात घालून दुसऱ्या बाजूने बोटं बाहेर काढली आणि विचारलं, ‘काका, पोहायचं आहे का काही?’ मग सासऱ्यांनी त्याला पॅड कसा सारायचा ते दुकानात उभ्या उभ्या करून दाखवलं. एक गिऱ्हाईक ब्लाउज घेऊन थांबलेलं होतं, तिनेही ऐकून घेतलं. शिंप्याने पंधरा रुपये नगाप्रमाणे सगळ्यांचं इलॅस्टिक बदलून दिलं. पार्सलमध्ये सासऱ्यांनी वहीच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात धुण्याची पद्धत लिहून घातली, वर जावयाचं नाव टाकून. नाशिकला पाणी कसं आहे ते बघ, हे खाली नवऱ्याने जोडलं.